सुजेचे दिवस

भोसरीच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी काम करते तिथं रबराच्या रिंगा बनतात आणि मी त्या तपासते. दिव्याखाली धरायची, बोटांनी ताणायची, चीर दिसली की लाल क्रेटमध्ये टाकायची. इतकी वर्षं हेच केल्यामुळं असेल, काहीही बिघडलेलं दिसलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हे केलं कुणी? मुलगी म्हणते, आई, तू घरातसुद्धा लाल क्रेट घेऊन फिरतेस. फिरते. त्याशिवाय आमचा संसार रुळावर राहिला नसता.

नवऱ्याला झटका आला तो गुरुवारी. आमच्याकडं कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी मी निगडीच्या घरात साठलेली धुणी काढायची आणि नवरा सकाळीच मोटरसायकल काढून गावाला जायचे. गाव चाकणच्या पुढं. तिथं त्यांचे धाकटे भाऊ, माझे भावजी, उरलेली शेती आणि कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या असं दोन्ही सांभाळतात. दोघा भावांचं एकमेकांवाचून पान हलत नाही. सासरे लवकर गेले, त्यामुळं धाकट्याला मोठं केलं ते थोरल्यानंच. लग्न होऊन मी आले तेव्हा कुणीतरी हसत सांगितलं होतं, की बाई, तुला दीर नाही, सावत्र मुलगा मिळालाय.

त्या सकाळी गावच्या घराच्या ओट्यावर चहा पिताना नवऱ्याच्या उजव्या हातातून ग्लास सुटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, जीभ जड झाली. छातीत कळ आली असती तर भावजींनी त्यांना उचलून गाडीत टाकलं असतं, कारण चाकणच्या पट्ट्यात हार्ट ॲटॅक आता शेंबड्या पोरालाही कळतो. पण तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, म्हणजे अंगावरून वारं गेलं. आणि वारं गेलेल्या माणसाला वारा लागू द्यायचा नाही, हा तिथला कायदा. भावजींनी पंखा बंद केला, दार-खिडक्या लावल्या, भावाला घोंगडीत गुंडाळलं, कानटोपी घातली. मग जावेनं तिळाच्या तेलात लसूण तापवून दिला आणि ते चोळत बसले. तेल जिरेपर्यंत रोग्याला घराबाहेर काढत नाहीत. घरात पुरावाही होता. यांच्या एका चुलत्यांचं तोंड असंच वाकडं झालं होतं आणि तेलानं महिन्याभरात सरळ आलं होतं.

मला फोन आला तेव्हा माझी दोरीवरची चादरसुद्धा वाळली होती.

"वहिनी, घाबरू नका," भावजी म्हणाले. "दादाच्या अंगावरनं वारं गेलंया. पर आमी तेल लावलंय, आता बरंच गरम वाटतंय अंग."

"कधी झालं?"

"सकाळच्या चहालाच की."

मी लातूरकडची. पंचवीस वर्षं या भागात राहून माझी भाषा इथली झालीय, पण राग आला की माहेरची जीभ परत येते. "काय करायलात तुम्ही तिथं? गाडीत घाला त्यांना, आत्ताच्या आत्ता!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण दारात आली.

"हवा लागंल की वहिनी," भावजी म्हणाले. पण निघाले.

चिंचवडच्या हॉस्पिटलच्या दारात मी त्यांच्या आधी पोचले आणि गाडीची वाट बघत उभी राहिले. उभी कसली, दारापासून औषधाच्या दुकानापर्यंत आणि परत, चालतच होते. गाडी मोशीला ट्रॅफिकमध्ये अडकली होती. फोन लावला की भावजी म्हणायचे, "निघालो की, सिग्नल सुटला की आलोच," आणि पुन्हा फोन केला तरी मोशीच. हिंजवडीहून मुलगी कंपनीच्या कॅबनं आली, तीसुद्धा त्यांच्या आधी. अखेर गाडी आली तेव्हा भर उन्हाळ्यात तिच्या सगळ्या काचा वर होत्या, एसी बंद होता आणि मागच्या सीटवर माझा नवरा घोंगडीत घामानं निथळत होता. डोळे माझ्याकडं वळले. ओळख होती, शब्द नव्हता. लसणाचा वास असा काही आला की आजही फोडणीत लसूण टाकताना माझा हात थांबतो.

मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, पण ते ठराविक वेळेच्या आत द्यावं लागतं. ती वेळ गेली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी ते सरळ सांगितलं. चुलत्यांचं तोंड तेलानं सरळ झालं होतं म्हणून भावजींनी बाजू मांडली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ती चेहऱ्याची नस असते काका. ती बहुतेक वेळा आपोआप बरी होते. हे वेगळं आहे." भावजी मान खाली घालून उभे राहिले. माझ्या तोंडात एक वाक्य तयार झालं. तुमच्या तेलापायी गेला माझा माणूस. पण नवऱ्याला आत न्यायला स्ट्रेचर आलं आणि ते वाक्य तोंडातच राहिलं.

मला वाटलं होतं, व्हायचं ते होऊन गेलं. संध्याकाळच्या आत डॉक्टरीणबाईंनी मला आणि मुलीला बसवून सांगितलं, की खरी भीती आता पुढं आहे. गाठीमुळं रक्त न मिळालेला मेंदूचा भाग मेला. आता शरीराला वाटतंय की तिथं कुणीतरी हल्ला केलाय. रक्तातल्या संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी तिकडं धावतायत. त्या शत्रू मारायला म्हणून जी रसायनं सोडतात त्यानं आजूबाजूचा शाबूत भागही पोळतो, रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, पाणी झिरपतं, सूज येते. पाय सुजला तर फुगायला जागा असते. कवटी हाडाची, तिथं मेंदूला हलायला जागा नाही. सूज साधारण तीन-चार दिवस वाढत जाते. ती फार वाढली तर कवटीचा एक तुकडा काढून मेंदूला जागा करून द्यावी लागेल, आणि तेही कधीकधी पुरत नाही.

"म्हणजे त्यांचंच रक्त त्यांच्या मुळावर उठलंय?" मी विचारलं.

"तसं म्हणा हवं तर."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," मी म्हणाले. आणि काचेच्या दारापलीकडं बाकावर बसलेल्या भावजींकडं बघितलं. मुलीला ते कळलं, तिनं माझ्या हातावर हात दाबला.

मुलगी तोवर फोनवर वाचत होती. तिनं विचारलं, सुजेवर स्टेरॉइड देतात ना, मग द्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या सुजेवर त्याचा उपयोग होत नाही, उलट अपाय होऊ शकतो. पाणी ओढून घेणारं सलाईन चालू आहे, डोक्याकडची बाजू उंच ठेवली आहे, ताप येऊ द्यायचा नाही. तापानं मेंदूचं नुकसान वाढतं. मग मी विचारलं, या पेशींनाच का थांबवत नाही तुम्ही? त्या म्हणाल्या, "त्यासाठी जगभर प्रयत्न चालू आहेत. पण कुणाला थांबवायचं आणि कधी, हेच नीट हाताला लागत नाही. मेलेला भाग साफ करायलाही याच पेशी लागतात. सगळ्यांनाच हाकलून दिलं तर मलबा कोण उचलणार?"

मला हे उत्तर आवडलं नाही. माझ्या धंद्यात रिंग चांगली असते नाहीतर वाईट असते. तीच रिंग सोमवारी वाईट आणि पुढच्या सोमवारी चांगली, असं नसतं.

पुढच्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही, पायांतली वळवळ तेवढी आठवते. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की बसावंसं. कॉफीचं मशीन, जिना, कासारवाडीकडं जाणाऱ्या बसचा थांबा दिसायचा ती खिडकी, परत कॉफीचं मशीन. आत नर्स दर थोड्या वेळानं नवऱ्याच्या डोळ्यांत टॉर्च मारायची. बाहुली लहान होते का बघायची. मीही दाराच्या काचेतून तिच्या चेहऱ्याकडं बघायची. तिचा चेहरा काही सांगायचा नाही, तरी मी बघायची.

इकडं गावाहून माणसं यायला लागली. जीप भरून. भावकीतलं कुणी आजारी पडलं की बघायला जायचंच, न जाणं म्हणजे वैर. एकेकाला सांगताना माझ्या तोंडाला फेस आला. कुणी नारळपाणी आणलं, कुणी ग्रामदैवताचा अंगारा, कुणी "घोटभर तरी पाजा, माणूस किती वेळ उपाशी ठेवायचा" म्हणून भांडलं. नवऱ्याला गिळता येत नव्हतं, नाकातून नळी होती, घोटभर पाणी श्वासनळीत गेलं असतं तर संपलं. मी दारात उभी राहून सगळ्यांना परत पाठवत होते. सगळे प्रेमापोटीच आले होते, हे मला कळत होतं आणि त्यानंच जास्त चिडचिड होत होती. वाईट हेतूच्या माणसाला हाकलणं सोपं असतं.

आणि एका दुपारी, भेटायच्या वेळेत, मी खाली औषधं आणायला गेले असताना भावजी आत गेले. भाऊ पातळ चादरीखाली, अंगात धड सदरा नाही, वरून एसीची हवा थेट अंगावर. त्यांना ते बघवलं नाही. नर्स शेजारच्या पेशंटजवळ होती. भावजींनी पिशवीतून घोंगडी काढली, चादरीच्या आतून भावाला गळ्यापर्यंत गुंडाळलं, वरून चादर नीट केली, डोक्याला मफलर बांधला आणि पाय दाबत बसले.

मी परत आले तेव्हा नवऱ्याचा चेहरा लाल होता. हात लावला तर तवा. मी हाक मारली, नर्स धावली, घोंगडी ओढून काढली, ओल्या कपड्यानं अंग पुसायला लागली. आदल्या दिवशी हाक मारली की नवरा डोळे उघडत होते. आता उघडत नव्हते.

"थंडी वाजत व्हती त्याला," भावजी म्हणाले. "वारं गेलेल्याला असं उघडं टाकत्यात व्हय?"

मी सरळ सिक्युरिटीच्या माणसाकडं गेले आणि भावजींकडं बोट दाखवून सांगितलं, यांना आत सोडायचं नाही. भावजी समोरच उभे होते, त्यांनी ऐकलं. घोंगडीची घडी काखेत धरून ते खाली गेले आणि दारासमोरच्या चहाच्या टपरीजवळ बसले. त्यानंतर सूज उतरेपर्यंत ते तिथंच होते.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला. फुप्फुसात जंतूंची सुरुवात होती. ताप मूळचा त्याचा, घोंगडीनं तो वाढवला. त्यांनी समजावलं, की मेंदूला एवढा मार बसला की बाकीच्या शरीरातलं संरक्षण ढिलं पडतं. म्हणजे डोक्यात जिथं नको तिथं पेशींची गर्दी आणि छातीत जिथं हव्यात तिथं शुकशुकाट. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मी चिडून म्हणाले, ही कसली फौज? डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आज संध्याकाळपर्यंत बघू. असेच गुंगीत राहिले तर कवटी उघडावी लागेल, तुम्ही मनाची तयारी ठेवा.

मनाची तयारी म्हणजे काय करायचं असतं, मला कधी कळलेलं नाही. मी मुलीजवळ सगळं ओकले. तेल, बंद दारं, वर केलेल्या काचा, घोंगडी. म्हटलं, तुझे बाबा गेले तर त्या माणसाला मी गावाच्या वेशीवर उभा करून सांगेन. मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, बाबांच्या डोक्याला सूज आलीय ती औषधानं उतरेल. तुला आलेल्या सुजेचं काय करायचं?"

मी उठून कॉफीच्या मशीनकडं चालायला लागले.

कवटी उघडावी लागली नाही. ऑपरेशनची तयारी करून ठेवली होती, डोक्याचे अर्धे केसही काढले होते. उन्हं कलताना नर्सनं हाक मारली आणि नवऱ्यानं डोळे उघडले. ताप उतरला होता. दुसऱ्या दिवशी जास्त जागे, तिसऱ्या दिवशी आणखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुजेचा कडा उतरलो आपण. मी तिथंच भिंतीला टेकून रडले, मोठ्यानं, लाज न बाळगता.

घरी आला तो माणूस अर्धा चालत होता आणि बोलत नव्हता. उजवा हात पोटाशी, उजवा पाय ओढत. सांगितलेलं सगळं कळायचं, पण बोलायला गेले की एकच शब्द यायचा, "राव." पाणी हवं असलं तरी राव. टीव्ही बंद करायचा असला तरी राव. आयुष्यभर कंपनीच्या लायनीवर मित्रांना "काय राव, चल राव" करत आले, बाकी सगळी भाषा वाहून गेली आणि हा एक शब्द गाळासारखा तळाशी राहिला. मुलगी म्हणायची, बाबा, आता मला पण राव म्हणता का? तेव्हा ते डाव्या गालानं हसायचे.

भावजी रोज सकाळी गावाहून यायला लागले. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाखवलेले व्यायाम त्यांनी बघून बघून पाठ केले होते. गुडघा वाकवायचा, बोटं एकेक करून उघडायची, खांद्याखाली आधार देऊन चालवायचं. मला कामावर जावंच लागत होतं, त्यामुळं त्यांना नको म्हणायची माझी ऐपत नव्हती. पण माझा अबोला होता. "त्यांना सांग चहा ठेवलाय," मी मुलीला म्हणायची, भावजी दोन हातांवर बसलेले असताना. "आईला सांग घेतला म्हणून," ते मुलीला म्हणायचे, मी समोर उभी असताना. "मी घरातला स्पीकर आहे का?" मुलगी वैतागायची.

तपासणीला गेलो तेव्हा नवऱ्याला बाहेर बसवून मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या सकाळी लगेच आणलं असतं तर आज बोलले असते का? मला 'हो' हवं होतं. त्या म्हणाल्या, "कदाचित बरंचसं वाचलं असतं. कदाचित गाठ विरघळूनही सूज आलीच असती. नक्की कुणीच सांगू शकणार नाही." मग त्या फाइल मिटता मिटता म्हणाल्या, की आता मेलेला भाग साफ होतोय, शेजारचा भाग ते काम शिकतोय, आणि यात त्याच पेशींचा हात आहे ज्यांनी सूज आणली होती. बोलणंही थोडं थोडं येऊ शकेल. मी आभार मानून बाहेर आले. भावजी नवऱ्याच्या चपलेचा पट्टा लावत खाली बसले होते. माझं वाक्य तोंडात तसंच होतं, धार लावून ठेवलेलं.

आणि एका गुरुवारी ते वाक्य बाहेर यायची वेळ आली. मुलगी रात्रपाळी करून झोपली होती. हॉलमध्ये दोघे भाऊ व्यायाम करत होते. नवऱ्याचा लुळा उजवा हात गळ्यात अडकवलेल्या पट्टीत, डाव्या हातानं त्यांनी काठी धरलेली, आणि भावजी एक पाऊल मागं, हात न लावता, नुसते तयारीत. मी दारात भाजी निवडत उभी. भावजी अचानक थांबले.

"वहिनी," ते माझ्याकडं बघत म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, मध्ये कुणी नसताना. "एक इचारू? त्या दिशी मी तेल लावत बसलो नसतो, आधी तुमास्नी फोन केला असता, तर दादा आज बोलला असता व्हय? खरं सांगा. मला झोप न्हाई लागत."

मी भाजीची जुडी खाली ठेवली. डॉक्टरीणबाईंचं उत्तर मला पाठ होतं. ते द्यायचं नव्हतं मला. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, नवऱ्याच्या अगदी शेजारी, आणि म्हणाले, "ऐकायचंय? मग ऐका. तुमच्या..."

काठी फरशीवर पडल्याचा आवाज आला. नवऱ्यानं डावा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला होता. हळू नव्हे, गच्च. माझा ओठ दातांवर दाबला गेला. त्यांचा तो एकच चालता हात होता आणि तो काठीवरून काढल्याबरोबर ते उजवीकडं कलायला लागले, तरी त्यांनी हात काढला नाही. डोळे माझ्यावर होते आणि त्यांत विनवणी नव्हती, राग होता. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांचा असा राग बघितला नव्हता.

ते पडणार होते. मी आणि भावजींनी एकाच वेळी त्यांना धरलं, मी डावीकडून, भावजींनी उजवीकडून, आणि तिघंही तसेच खाली बसलो. भावजी भावाच्या खांद्याला कपाळ लावून रडायला लागले. माझ्या तोंडावरचा हात तेव्हा कुठं सुटला आणि भावजींच्या डोक्यावर गेला.

मी भाजी गोळा करून स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवला आणि तो स्वतः नेऊन भावजींच्या हातात दिला. ओठ दोन दिवस सुजलेला होता. ते वाक्य अजून बोलले नाहीये. अधूनमधून जिभेवर येतं, आणि तेव्हा मी उठून घरभर चालत राहते.